आधी खेळ पाहा, मग कॅमेरा उचला

खेळाची छायाचित्रे काढायला शिकवा, असे म्हणत जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कॅमेरा कोणता घ्यावा? व्यापारी घरांत वाढलेल्या माणसांना हा प्रश्न प्रथम सुचावा, यात नवल नाही. कोणत्याही नव्या कामाचा विचार आपण भांडवलापासून सुरू करतो. मी त्यांना सांगतो, की भांडवल लागेल, पण ते पुढच्या महिन्यात. या महिन्याचे भांडवल म्हणजे आपले दोन डोळे आणि मैदानाच्या कडेला तासभर बसून राहण्याची तयारी.

माझा मूळ व्यवसाय भांड्यांचा. छायाचित्रणाचा छंद लागला तेव्हा कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांचा रोल असे आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना खर्चाचा विचार मनात येई. दुकान आता मुलगा आणि सून समर्थपणे सांभाळतात. गेली काही वर्षे रविवारी सकाळी आमच्या गावातील शाळेच्या मैदानावर मी आठ-दहा नवशिक्यांना क्रीडाछायाचित्रण शिकवतो. त्यात दहावी-बारावीची मुले असतात, गृहिणी असतात आणि आपल्या मुलांचे खेळतानाचे एक तरी चांगले चित्र घरात असावे अशी इच्छा असलेले आईवडील असतात. शिकवण्याचे मी काही घेत नाही. अट मात्र एक घालतो : पहिले दोन रविवार कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही पिशवीत राहतील.

ही अट अनेकांना रुचत नाही. पोहायला आलेल्याला काठावर बसवून ठेवल्यासारखे त्यांना वाटते. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना एक साधा हिशेब मांडून दाखवतो. डोळ्यांना एखादी गोष्ट दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत सामान्य माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. वेगाने धावणारे शाळकरी मूल एका सेकंदात साधारण पाच मीटर अंतर तोडते. म्हणजे ‘आता!’ असे मनात येऊन बोट दाबले जाईपर्यंत ते मूल एक मीटर पुढे गेलेले असते. उडीचा क्षण दिसला म्हणून बटण दाबावे, तर चित्रात येतो तो जमिनीवर टेकलेला पाय. कॅमेरा कितीही महाग असला तरी माणसाच्या बोटाची ही दिरंगाई तो भरून काढत नाही. खेळाच्या छायाचित्रणातले पहिले सूत्र यातून निघते : जो क्षण दिसला तो गेला. टिपायचा तो पुढचा क्षण, आणि तो पुढचा क्षण कोणता हे खेळ ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

व्यापाऱ्याला हे सूत्र नवे वाटू नये. दिवाळीचे गिऱ्हाईक दारात आल्यावर माल मागवायला निघणारा दुकानदार किती दिवस टिकेल? माल आधी भरून ठेवावा लागतो, आणि कोणता माल भरायचा हे गेल्या वर्षांची वही सांगते. मैदानावरची वही म्हणजे त्या खेळाचे नियम आणि खेळाडूंच्या सवयी.

गतीचे छायाचित्र ज्या प्रयोगामुळे जगाला प्रथम नीट समजले, त्या प्रयोगातही हेच दिसते. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हा वादाचा विषय होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य गृहस्थांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला हे काम दिले. १८७८ साली पालो आल्टो येथे मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांच्या झडपांना जोडलेले दोरे वाटेत आडवे ताणून ठेवले. घोडा जसजसा पुढे आला, तसतसे त्याच्याच पायांनी दोरे ओढले गेले आणि चित्रे उमटली. चारही पाय सुटतात हे सिद्ध झाले. शिवाय ते चित्रकार दाखवत आले होते तसे पुढे-मागे ताणलेले असताना सुटत नाहीत, पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात, हेही दिसून आले. माझ्या विद्यार्थ्यांनी यातून घ्यायचा बोध एवढाच, की मायब्रिज घोड्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावला नाही. घोडा जिथून जाणार हे ठरलेले होते, तिथे तो आधीच दोरा ताणून बसला होता.

आपल्या गावोगावच्या मैदानांवर असा दोरा कुठे ताणावा, हे शिकण्यासाठी खो-खोसारखा दुसरा खेळ नाही. नवख्याला हा खेळ म्हणजे नुसती धावपळ वाटते. नियम कळले की तोच खेळ पानासारखा वाचता येतो. आपल्याकडील नेहमीच्या सामन्यांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू दोन खांबांमधील पाटीवर बसतात, एकाचे तोंड एका बाजूला तर त्याच्या शेजारच्याचे विरुद्ध बाजूला. नववा खेळाडू धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबाच्या पलीकडे जाईपर्यंत मागेही वळता येत नाही. पळणाऱ्या गड्याला मात्र ही बंधने नाहीत. तो बसलेल्यांच्या मधून नागमोडी जातो. तो पलीकडे निसटला, की धावणाऱ्याला बसलेल्या साथीदाराच्या पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हणावे लागते.

आता या नियमांकडे छायाचित्रकाराच्या नजरेने पाहा. धावणारा मागे वळू शकत नाही, म्हणजे तो पुढे कुठे असेल हे आपल्याला आधीच कळते. दिशा बदलायची तर त्याला खांब गाठावा लागतो, म्हणून खांबाजवळ गर्दी होणार, तिथेच हात लांबवून सूर मारले जाणार. खो मिळाल्यावर उठणारा खेळाडू ज्या बाजूला तोंड करून बसला आहे, त्या बाजूला झेपावणार. मैदानावर ठरलेल्या जागी ठरलेल्या घटना घडतात. मग सगळ्या मैदानावर कॅमेरा भिरभिरत फिरवण्याचे कारण उरत नाही. खांबाच्या मागे, सीमारेषेपासून तीन-चार पावले दूर, थोडे एका बाजूला सरकून बसावे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरावा. उभ्याने काढलेल्या चित्रात खेळाडू खुजे दिसतात आणि मागे निव्वळ माती दिसते. बसून काढलेल्या चित्रात त्यांची झेप आभाळाला भिडते. जागा घेण्यापूर्वी पंचांची परवानगी मात्र अवश्य घ्यावी. खेळाडू वेगात सीमेबाहेर येतात, त्यांच्या वाटेत आपली पिशवीसुद्धा असता कामा नये.

कबड्डीतही जागेचा विचार असाच करावा लागतो. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते. पकड झाली की चढाईपटू सगळे बळ एकवटून मध्यरेषेकडे झेपावतो. त्या वेळी त्याचा चेहरा आणि लांबवलेला हात त्याच्या स्वतःच्या अंगणाकडे असतो. म्हणून त्याच्या संघाच्या मागे बसणाऱ्याला चेहरा मिळतो आणि समोर बसणाऱ्याला पाठी मिळतात. जागेचे महत्त्व सांगताना मी नेहमी जगप्रसिद्ध चित्राचा दाखला देतो. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतील लुइस्टन या गावी मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. पहिल्याच फेरीत लिस्टन खाली पडला आणि अली त्याच्यावर हात आखडून गरजत उभा राहिला. बावीस वर्षांच्या नील लायफर याने तो क्षण टिपला. ते चित्र नीट पाहिले, तर अलीच्या पायांच्या मधून पलीकडच्या बाजूला बसलेला दुसरा छायाचित्रकार दिसतो. हर्ब शार्फमन हा लायफरचा ज्येष्ठ सहकारी होता, अनुभवाने मोठा होता. पण त्या क्षणी अलीची पाठ त्याच्याकडे होती. जागेत नशिबाचाही वाटा असतो, हे खरे. पण खेळ ओळखणारा नशिबावर कमी विसंबतो.

दोन रविवार असे पाहण्यात गेल्यावर तिसऱ्या रविवारी कॅमेरे बाहेर निघतात. त्या दिवशी मी तीन गोष्टी सांगतो. पहिली, शटरची गती. पाच मीटर वेगाने धावणारे मूल सेकंदाच्या पन्नासाव्या भागात दहा सेंटीमीटर सरकते, म्हणजे चित्र फराटणार. पाचशेव्या भागात ते एकच सेंटीमीटर सरकते. हातपाय धडापेक्षा वेगाने हलतात, म्हणून सूर आणि उडी यांसाठी हजारावा भाग ठेवावा. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ असे अक्षर असते. तिथे चकती आणली की शटरची गती आपण ठरवतो आणि भिंगाचे छिद्र कॅमेरा स्वतः ठरवतो. दुसरी गोष्ट, फोकस. स्थिर वस्तूसाठी असलेला फोकस धावत्या माणसावर टिकत नाही. सतत माग काढणारा फोकस निवडावा आणि खेळाडू हव्या त्या जागी पोहोचण्याच्या आधीपासून त्याच्यावर कॅमेरा रोखून बटण अर्धे दाबून ठेवावे. तिसरी गोष्ट, आयएसओ. सायंकाळी प्रकाश कमी पडला की नवशिके शटरची गती कमी करतात आणि सगळी चित्रे फराटतात. त्याऐवजी आयएसओ वाढवावा. आयएसओ ही प्रकाशाची उधारी आहे, असे मी म्हणतो. व्याज चित्रातल्या दाण्यांच्या रूपाने द्यावे लागते. पण दाणेदार चित्र घरात लावता येते, फराटलेले चित्र लावता येत नाही. गरजेपुरती उधारी करावी आणि उजेड आला की फेडून टाकावी.

ज्यांच्याकडे केवळ मोबाइल आहे त्यांनीही खट्टू होऊ नये. दिवसाच्या भरपूर उजेडात मोबाइल चांगले काम देतो. पडदा दोन बोटांनी ताणून चित्र मोठे करू नये, त्यात तपशील हरवतो. त्यापेक्षा मोकळ्या जागेतून चार पावले पुढे जावे. खांबावर बोट टेकवून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस तिथे बांधून ठेवता येतो. मग झेप सुरू होण्याच्या किंचित आधीपासून सलग चित्रे घ्यावीत. सकाळी नऊपर्यंतचा आणि दुपारी चारनंतरचा तिरपा प्रकाश उत्तम. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत सावल्या साचतात आणि चेहरे हरवतात. फ्लॅश मात्र कोणीही वापरू नये. सूर मारणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत अचानक उजेड गेला आणि ती खांबावर आदळली, तर ते चित्र कोणाच्या कामाचे?

घरी गेल्यावरचे काम तितकेच महत्त्वाचे. एका सकाळी चारशे चित्रे निघतात. त्यातली दहा ठेवावीत. नवशिक्यांना हे जड जाते. मी त्यांना सांगतो, की गोदामात पडून राहिलेल्या मालाला कोणी नफा म्हणत नाही. प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारावा : न खेळणाऱ्या माणसाला यातून काही कळेल का?

याच वर्गात मागे एक गृहस्थ आले होते. हार्डवेअरचे दुकान, सकाळी आठ ते रात्री नऊ गल्ल्यावर. त्यांची मुलगी नववीत होती आणि शाळेच्या खो-खो संघात खेळत होती. घरात असे ठरल्यात जमा होते, की दहावीनंतर खेळ बंद. आजीला नातीच्या खरचटलेल्या गुडघ्यांची आणि परगावच्या मुक्कामांची काळजी होती. वडिलांचे मत त्याहून वेगळे नव्हते. मुलगी खेळात फारशी पुढे जाईल असे त्यांना वाटत नव्हते. खेळ सुटण्यापूर्वी आठवणीदाखल एक छान चित्र असावे, एवढ्यासाठी ते आले होते. तिचा एकही सामना त्यांनी तोवर पूर्ण पाहिलेला नव्हता.

पहिल्या दोन रविवारी पिशवीत मोबाइल ठेवून नुसते बसणे त्यांना जमेना. मग त्यांनी सवयीप्रमाणे वही उघडली. उभ्या रेघा मारून कोणी कोणाला खो दिला, त्यानंतर काय झाले, कोण बाद झाले, हे रोजमेळासारखे लिहीत गेले. दुसऱ्या रविवारी सामना संपल्यावर ती वही घेऊन ते माझ्याजवळ आले. त्यांच्या मुलीच्या नावापुढे बाद केलेला गडी एकच होता. पण बाद झालेल्या सात गड्यांपैकी चौघांच्या आधीचा शेवटचा खो तिचा होता. पळणारी मुलगी कोणत्या फटीतून निसटणार हे ओळखून, नेमकी तिथे तोंड करून बसलेल्या साथीदाराला ती उठवत होती.

ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “घरी आली की मी दर वेळी विचारतो, आज किती गडी बाद केलेस? ती म्हणते, एक, नाहीतर एकही नाही. मला वाटायचं, मग हिचं काही खरं नाही. माझा प्रश्नच चुकीच्या खात्यातला होता.”

पुढचे पाच रविवार ते न चुकता आले. त्यांना हवे असलेले चित्र आता बदलले होते. मुलगी सूर मारतानाचे चित्र त्यांना सहज मिळाले असते. तिने हात लांबवला की कोणाचेही लक्ष जाते. ते शोधत होते खो देण्याचा क्षण. तो क्षण अवघड. थाप पडते, आवाज उठतो आणि बसलेली मुलगी उसळते, हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. शेवटी त्यांनी मुलीच्या धावण्याकडे न पाहता तिच्या डाव्या हाताकडे पाहायला सुरुवात केली. खो देण्याच्या एक पाऊल आधी तो हात खाली येतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. सहाव्या रविवारी चित्र मिळाले. पुढे अर्धी उठलेली मुलगी, तिचे दोन्ही हात मातीला टेकलेले, नजर समोर. मागे त्यांची लेक, तळवा साथीदाराच्या पाठीवर, तोंड ‘खो’च्या उच्चारात उघडे. एका कोपऱ्यात पळणाऱ्या गड्याचा मागचा पाय आणि उडालेली माती.

ते चित्र त्यांनी मुलीला दाखवले, तेव्हा मी तिथेच होतो. तिने ते दोनदा मोठे करून पाहिले आणि विचारले, “पप्पा, तुम्हाला कसं कळलं, की मी आत्ता खो देणार?” त्यांनी हाताची गोष्ट सांगितली. ती चपापली. मग हसून म्हणाली, “मग हात बदलायला हवा. तुम्हाला कळलं, तर समोरच्या संघालाही कळेल.” मुलीच्या खेळाविषयी त्या दोघांचे ते बहुधा पहिलेच बोलणे असावे, आणि ते बरोबरीचे होते.

चित्रामुळे घरातले सगळे प्रश्न सुटले, असे मी म्हणणार नाही. आजीची तक्रार अजून आहे आणि गुडघे अजून खरचटतात. पण दहावीनंतर काय, हा विषय निघाला तेव्हा वडिलांनी ती वही सर्वांसमोर ठेवली. मुलगी आता कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघात आहे. पहाटे सराव, संध्याकाळी अभ्यास, असे घरात ठरले आहे. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. मातीवरच्या या खेळाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी तेव्हापासून थोडी बदलली आहे. परंतु आपल्या घरातील मुलगी नेमके काय करते, हे कळण्यासाठी विश्वचषकाची वाट पाहण्याची गरज नाही.

या अनुभवानंतर माझ्या शिकवण्यातही भर पडली. आता प्रत्येक विद्यार्थ्याला मी एक जास्तीचे काम देतो : ज्याच्या नावावर काही जमा होत नाही, अशा एका खेळाडूचे चित्र आणायचे. खो देणारी, कबड्डीत चढाईपटूचा पाय दुसरा कोणी धरेल म्हणून त्याची वाट अडवणारा, क्रिकेटमध्ये समोरच्या टोकाला बॅट टेकवून एका धावेसाठी सज्ज उभा असलेला. अशी चित्रे काढणारा खेळ लवकर शिकतो.

आणखी एक नियम मी अगदी आग्रहाने पाळायला लावतो. पराभवानंतर रडणाऱ्या मुलाचे किंवा पडून कपडे फाटलेल्या मुलीचे चित्र निघाले, तर ते कोणत्याही समूहावर टाकायचे नाही. दुसऱ्याच्या लेकराचे चित्र त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय पुढे पाठवायचे नाही. एका तरुण विद्यार्थ्याला असे एक चित्र फार आवडले होते. अश्रू खरोखरच सुरेख आले होते. मी त्याला एवढेच विचारले, की ही तुझी धाकटी बहीण असती तर? त्याने काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने पाहिले, तर त्याने ते पुसून टाकले होते. आणि समोर कोणी जखमी होऊन पडले, आपण सर्वांत जवळ असलो, तर कॅमेरा खाली ठेवून आधी हात द्यायचा. ते चित्र गेले तरी चालेल.

हिवाळा येतो आहे. शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू होतील. वाचकहो, आपल्या घरातले मूल खेळत असेल, तर एक सकाळ दुकान कोणावर तरी सोपवून जावे. पहिला सामना हात रिकामे ठेवून पूर्ण पाहावा. दुसऱ्या सामन्यात वही उघडावी. तिसऱ्यात खांबामागे बसून कॅमेरा हजाराव्या भागावर ठेवावा. तोवर मूल कोणत्या हाताने खो देते, हे आपल्याला ठाऊक झालेले असेल. उत्तम चित्र मिळेलच याची हमी मी देत नाही; पण संध्याकाळी घरी आल्यावर मुलाला विचारायचा प्रश्न नक्कीच बदललेला असेल.